प्रतिजैविकांचे पाण्यामातीतले आयुष्य



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्या डॉक्टरांनी आयुष्यभर लातूर भागातल्या रुग्णांना औषधे लिहून दिली. रुग्ण बरा होऊन घरी गेला की औषधाची गोष्ट संपली, असे आपण धरून चालतो. आज मला त्यानंतरची गोष्ट सांगायची आहे. औषध आपले काम करून शरीराबाहेर पडते, कारखान्याच्या नाल्यातून वाहते, शेतात फवारले जाते. तिथून पुढे त्याचे काय होते? ते किती काळ टिकते, कशाने मोडते आणि मोडल्यावर मागे काय उरते?

सुरुवात १९४१ पासून करतो. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायाला पेनिसिलिन टोचले गेले. चेहऱ्यावरच्या संसर्गाने त्याचा एक डोळा गेला होता आणि फुप्फुसापर्यंत पू पोहोचला होता. औषधाने चमत्कार केला, ताप उतरला, तो जेवू लागला. पण औषधाचा साठा अगदी थोडा होता. म्हणून त्याची लघवी गोळा करून प्रयोगशाळेत नेत, तिच्यातून पेनिसिलिन परत काढत आणि पुन्हा त्यालाच टोचत. तेही पुरले नाही. मार्चमध्ये तो दगावला.

या हृदयद्रावक घटनेत एक वैज्ञानिक सत्य आहे, आणि आजच्या विषयाचा पाया तेच आहे. शरीर प्रतिजैविक वापरते, पण संपवत नाही. अमॉक्सिसिलिनची गोळी घेतल्यावर तिच्यातले निम्म्याहून जास्त औषध काही तासांत जसेच्या तसे लघवीतून बाहेर पडते. सिप्रोफ्लॉक्सासिनचे जवळजवळ चाळीस ते पन्नास टक्के तसेच जाते. अझिथ्रोमायसिन बहुतांशी पित्तावाटे विष्ठेत उतरते. म्हणजे गावात शंभर माणसे औषध घेतात तेव्हा गावाचे गटारही औषध घेत असते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मांडलेला अंदाज असा, की माणसांनी घेतलेल्या प्रतिजैविकांपैकी वर्षाला सुमारे ८,५०० टन औषध जगभरच्या नद्यांमध्ये पोहोचते. जनावरांची औषधे आणि कारखान्यांचे सांडपाणी यात धरलेले नाही.

आता हे औषध बाहेर किती काळ राहते ते पाहू. निसर्गात त्याला मोडणाऱ्या मुख्य गोष्टी तीन: पाणी, ऊन आणि जीवाणू. मातीचे काम वेगळे आहे. ती मोडण्यापेक्षा धरून ठेवते.

पाण्यापासून सुरू करू. पेनिसिलिनच्या कुळातल्या सर्व औषधांच्या रेणूत चार अणूंचे एक वलय असते, त्याला बीटा-लॅक्टम म्हणतात. हे वलय ताणलेले असते, त्यामुळे नुसत्या पाण्यानेही ते हळूहळू उघडते. आम्ल, अल्कली किंवा उष्णता मिळाली तर फारच लवकर. वलय उघडले की मारकशक्ती गेली. लहान मुलांच्या अमॉक्सिसिलिनची पूड पाण्यात कालवल्यावर ते पातळ औषध एक-दोन आठवड्यांत टाकून द्या, अशी सूचना बाटलीवर असते, ती याच कारणाने. म्हणूनच हे औषध इतके खपत असूनही नदीच्या पाण्यात त्या मानाने कमी सापडते.

सल्फा औषधांची तऱ्हा निराळी. सेप्ट्रानच्या गोळीत असलेले सल्फामेथोक्झाझोल पाण्याने मोडत नाही आणि मातीलाही फारसे चिकटत नाही. ते झिरपत भूजलापर्यंत जाते. आपले यकृत या रेणूला एक असिटिल गट जोडून त्याला निष्प्रभ करते. पण सांडपाण्यातले जीवाणू तो गट काढून टाकतात आणि औषध पुन्हा जिवंत होते. त्यामुळे शुद्धीकरण केंद्रात शिरणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर पडणाऱ्या पाण्यातच हे औषध जास्त मोजले गेल्याची उदाहरणे आहेत.

तिसरे कूळ फ्लुओरोक्विनोलोनचे: सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन. आपल्याकडे जुलाबापासून लघवीच्या जळजळीपर्यंत सर्रास दिली जाणारी ही औषधे. पाण्याने ती मोडत नाहीत. गाळाला, चिकणमातीला आणि मैल्याच्या घन भागाला ती घट्ट चिकटतात. उन्हात मात्र त्यांचा रेणू तुटतो. कपड्यावरचा हळदीचा डाग धुऊन जात नाही पण उन्हात घातला की उडतो, तसे यांचे आहे. स्वच्छ, उथळ पाण्याच्या पृष्ठभागावर सिप्रोफ्लॉक्सासिन उन्हाने काही तासांत निम्म्यावर येते. तेच औषध तळाच्या काळोख्या गाळात किंवा नांगरटीखालच्या मातीत गेले की महिनोन्‌महिने राहते. स्वित्झर्लंडमध्ये मैलागाळ खत म्हणून टाकलेल्या शेतांत ही औषधे कित्येक महिन्यांनंतरही सापडली होती.

टेट्रासायक्लिनही असेच धरून राहणारे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह यांच्याशी ते लगेच बांधले जाते. डॉक्टर ते दुधाबरोबर घेऊ नका म्हणतात, त्याचे कारण हेच. माँटमोरिलोनाइट नावाची फुगणारी चिकणमाती त्याला आपल्या थरांमध्ये ओढून घेते. आपली काळी कापसाची जमीन याच चिकणमातीची आहे. मातीत अडकलेले औषध निरुपद्रवी झाले असे मात्र समजू नये. मिनेसोटात २००५ मध्ये झालेल्या प्रयोगात मातीला चिकटलेले टेट्रासायक्लिन आणि टायलोसिन हे दुसरे प्रतिजैविकही जीवाणूंवर परिणाम करत असल्याचे दिसले.

यातून दोन गोष्टी निघतात. एखादे औषध किती दिवस टिकते, या प्रश्नाला एकच उत्तर नसते. कुठे, हे आधी विचारावे लागते: उन्हात की गाळात, वाहत्या पाण्यात की विहिरीत. दुसरी गोष्ट म्हणजे, शुद्धीकरण केंद्राने औषध काढले असे आपण वाचतो तेव्हा बऱ्याचदा ते पाण्यातून निघून गाळात गेलेले असते. जागा बदलली, औषध तेच. आणि जे औषध चार दिवसांत मोडते तेही रोज नव्याने येत राहिले, तर नदीतले प्रमाण कधी कमी होत नाही.

आता एका ठिकाणी तुम्हाला नेतो. आपली मांजरा नदी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. धनेगावच्या धरणातून लातूरला पाणी देते, बिदरवरून तेलंगणात उतरते आणि उत्तरेला वळून गोदावरीला मिळते. तिकडे तिला मांजिरा म्हणतात. या वाटेवर तिला नक्कावागू नावाचा ओढा मिळतो आणि नक्कावागूला इसकावागू. इसकावागू येतो पाटणचेरूहून. हैदराबादच्या शेजारचे हे गाव जगातल्या औषधनिर्मितीच्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे.

पाटणचेरूला सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी एका सामायिक शुद्धीकरण केंद्रात येत असे. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातील योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या केंद्रातून बाहेर पडणारे, म्हणजे शुद्ध केलेले पाणी तपासले. त्यांचा निबंध २००७ मध्ये आला. त्या पाण्यात एका लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन होते. गोळी घेतल्यावर रुग्णाच्या रक्तात हे औषध जास्तीत जास्त जेवढे चढते, त्याच्या कितीतरी पट हे प्रमाण आहे. त्यांनी हिशेब केला: या एका केंद्रातून दिवसाला सुमारे ४५ किलो सिप्रोफ्लॉक्सासिन ओढ्यात जात होते. नव्वद लाख लोकवस्तीच्या स्वीडनला तेवढे पाच दिवस पुरले असते. पुढे परिसरातील तलावांत आणि गावच्या विहिरींतही ही औषधे सापडली. त्यांपैकी काझीपल्लीच्या तलावात प्रतिरोधाची, म्हणजे जीवाणूला औषधापासून वाचवणारी, जनुके तुलनेसाठी घेतलेल्या एका स्वीडिश तलावाच्या सुमारे ७,००० पट होती.

नंतर १८ किलोमीटरची नळवाहिनी टाकून हे पाणी हैदराबादच्या अंबरपेठ येथील शहरी शुद्धीकरण केंद्राकडे वळवले गेले. तिथून ते मुसी नदीत जाते आणि मुसी कृष्णेला मिळते. म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातला प्रश्न कृष्णेच्या खोऱ्यात नेऊन ठेवला. रेणू मोडला नाही, त्याचा पत्ता बदलला.

लातूरकरांनो, आपण या नदीच्या वरच्या अंगाला आहोत. पाटणचेरूचे पाणी आपल्या नळाला येत नाही. पण २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहराला पाण्याच्या एकेका लिटरची किंमत कोणी शिकवायला नको. ज्या नदीचे पाणी आपल्याला इतके मोलाचे वाटते, तिच्याच खालच्या काठावर हे घडले.

हे ऐकून कोणी विचारेल, की इतक्या औषधाने जीवाणू मरतील, मग बरेच झाले नाही का? इथे मी आजच्या मुख्य मुद्द्यावर येतो.

प्रतिजैविक मोडण्याची कला जीवाणूंनी माणसाच्या आधीपासून आत्मसात केलेली आहे. पेनिसिलिन मोडणाऱ्या विकराचे वर्णन अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच केले, म्हणजे अल्बर्ट अलेक्झांडरला ते टोचण्याच्या आधी. कॅनडाच्या युकॉन भागातील ३०,००० वर्षे गोठलेल्या मातीतही प्रतिरोधाची जनुके सापडली आहेत. यात नवल नाही. बहुतेक जुनी प्रतिजैविके मातीतच जन्मली. १९४३ चे स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जीवाणूपासून मिळाले. येल्लाप्रगडा सुब्बाराव ज्या लेडरले प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख होते, तिथले ऑरिओमायसिनही मातीतल्या जीवाणूपासूनच मिळाले. जिथे शस्त्र तिथे ढालही असणारच.

काही जीवाणू तर ही औषधे खातात. जॉर्ज चर्च यांच्या हार्वर्डमधील प्रयोगशाळेने २००८ मध्ये दाखवले, की वेगवेगळ्या अकरा ठिकाणच्या मातीत प्रतिजैविकावरच जगणारे जीवाणू आहेत. कॅनडात ओंटारियोमधील लंडन येथे एका शेताच्या तुकड्यांत १९९९ पासून दरवर्षी पशुवैद्यकीय प्रतिजैविके मिसळली गेली. दहा वर्षांनी दिसले, की त्या मातीत त्यांपैकी सल्फामेथाझिन शेजारच्या अस्पर्शित मातीपेक्षा लवकर नाहीसे होत होते. त्या मातीतून ते औषध खाणारा मायक्रोबॅक्टेरियम नावाचा जीवाणू वेगळाही काढता आला.

ही बातमी वरवर आनंदाची वाटते: निसर्गाने आमची घाण साफ करायला शिकून घेतले. पण नीट पाहा. औषध खाणाऱ्याला आधी त्या औषधातून वाचावे लागते. पेनिसिलिन खाणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. त्यात पचनाची पहिली पायरी कोणती निघाली? बीटा-लॅक्टमेज. रुग्णालयात आपले औषध निकामी करणारे हेच विकर. म्हणजे औषधाचे विघटन आणि औषधाला होणारा प्रतिरोध या अनेकदा एकाच क्रियेच्या दोन बाजू असतात. मातीत हे विकर औषध साफ करते, रुग्णाच्या रक्तात तेच रुग्णाचा जीव घेते.

म्हणून औषध शेवटी मोडतेच ना, या उत्तराने माझे समाधान होत नाही. औषधाच्या रेणूंची संख्या दिवसागणिक घटते. औषधाने इतर जीवाणू मारून निवडून ठेवलेले प्रतिरोधाचे जनुक मात्र दर पिढीला दुप्पट होते आणि जीवाणूंची पिढी अर्ध्या तासाचीही असू शकते. शिवाय ही जनुके बरेचदा प्लाझ्मिड नावाच्या फिरत्या डीएनए-वर्तुळावर असतात. मातीतल्या निरुपद्रवी जीवाणूकडून ती आतड्यातल्या जीवाणूकडे जाऊ शकतात. औषध गेल्यावरही जनुक उरते.

यासाठी औषधाचे प्रमाण मारक असावे लागते असेही नाही. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील प्रयोगांत २०११ मध्ये दिसले, की मारक मात्रेच्या शेकडो पटींनी कमी औषधातही प्रतिरोधक जीवाणू बाजी मारतात. अशा विचारातून संशोधक बेंग्टसन-पाल्मे आणि पाटणचेरूचे पाणी तपासणारे लार्सन यांनी २०१६ मध्ये पाण्यातील सुरक्षित मर्यादा सुचवल्या. सिप्रोफ्लॉक्सासिनसाठी ती लिटरमागे ०.०६४ मायक्रोग्रॅम आहे. पाटणचेरूचा आकडा याच्या साडेचार लाखांहून अधिक पट भरतो.

आणि जनुक एकदा फिरू लागले की ते कुठे पोहोचते याचा पुरावाही आपल्याच देशातला आहे. कार्बापेनेम या राखीव औषधांना निकामी करणारे एनडीएम-१ हे जनुक टिमोथी वॉल्श यांच्या गटाने २०११ मध्ये दिल्लीत शोधले. रस्त्यांवर साचलेल्या आणि झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोनमध्ये ते मिळाले. २०१९ या एका वर्षात प्रतिरोधक जीवाणूंच्या संसर्गामुळे थेट १२.७ लाख माणसे दगावली, असा जागतिक अंदाज 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यात नवजात बाळे आहेत, बाळंतिणी आहेत, शस्त्रक्रिया यशस्वी झालेले रुग्ण आहेत.

शेतीकडे येतो, कारण तुमच्यापैकी अनेकांचे घर शेतीवर चालते. सोलापूर-सांगोल्याच्या पट्ट्यात डाळिंबावर तेल्या रोग पडतो. तो जीवाणूजन्य आहे, म्हणून वर्षानुवर्षे शेतकऱ्यांना स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी दिली गेली. तिच्यात नव्वद भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि दहा भाग टेट्रासायक्लिन. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरचे पहिले प्रभावी औषध. बागेत फवारल्यावर पानांवर थोडे राहते, बाकीचे मातीला चिकटते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने ही औषधे शेतीतून टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मसुदा काढला. हे योग्यच आहे. पण लाखो रुपयांची बाग डोळ्यांदेखत काळी पडताना पाहणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे योग्य नाही. रोगमुक्त रोपे, वेळेवर छाटणी, बहाराची योग्य निवड आणि कृषी विद्यापीठांचा भरवशाचा सल्ला त्याच्या बांधापर्यंत पोहोचला, तर पुडी आपोआप मागे पडेल.

कोंबड्यांचे तसेच. शेवटच्या फळीतले कोलिस्टिन आपल्याकडे पक्ष्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात मिसळले जात होते. चीनमध्ये २०१५ मध्ये कोलिस्टिनला दाद न देणारे आणि प्लाझ्मिडवरून फिरणारे जनुक सापडले. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत या औषधावर बंदी घातली. कोंबडीखत थेट शेतात न टाकता नीट ढीग लावून, उलथापालथ करून, आतली उष्णता चढू देऊन कुजवले तर टेट्रासायक्लिनसारखी पुष्कळ औषधे मोडतात. हे कोणत्याही शेतकऱ्याला करता येण्याजोगे आहे.

मी प्रतिजैविकांच्या विरोधात बोलत नाही, हे आवर्जून सांगतो. आपल्या पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. या देशाने स्वतःचे पेनिसिलिन बनवले आणि ते गरिबाच्या आवाक्यात आणले. तो आपल्या अभिमानाचा विषय आहे. आज जगातल्या कित्येक देशांना स्वस्त प्रतिजैविके भारत पुरवतो. तो स्वस्तपणा ओढ्याकाठच्या गावांच्या जिवावर येऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

उपाय कुठे करायचा, तेही विज्ञान स्पष्ट सांगते. औषध जिथे सर्वांत दाट आणि पाणी सर्वांत कमी, तिथेच ते मोडणे सर्वांत सोपे असते. ती जागा म्हणजे कारखान्याचे फाटक. बीटा-लॅक्टम अल्कलीने मोडता येतात, इतर काही ओझोनने, काही कार्बनवर शोषून मग जाळून. एकदा ते नदीत मिसळले की लाखो लिटर पाणी उपसूनही ते परत मिळत नाही. स्वित्झर्लंडने २०१६ पासून नागरिकांकडून वर्षाला माणशी जास्तीत जास्त ९ फ्रँक घेऊन मोठ्या शहरी केंद्रांत ओझोन आणि कार्बनची सोय सुरू केली. आपल्याला आधी हे औषध फाटकावरच थांबवायला हवे.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये नेमके हेच सुचवले होते. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यासाठीच्या मसुद्यात १२१ प्रतिजैविकांच्या मर्यादा होत्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या नव्हत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविक कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आता आपल्यापुढे जागतिक मापदंड आहे, मोजण्याची साधने आहेत आणि भारतातील शास्त्रज्ञही आहेत. उरला आहे तो निर्णय.

हा निर्णय दिल्लीतच व्हावा लागतो असे नाही. सरकारी दवाखान्यांसाठी औषधांची मोठी खरेदी राज्य करते. आमच्या सांडपाण्यात प्रतिजैविक या मर्यादेखाली आहे, असे दाखवणाऱ्या कारखान्याचेच औषध घेऊ, ही अट निविदेत घालता येते. नॉर्वे आणि स्वीडन यांनी अशा पर्यावरणीय निकषांना आपल्या खरेदीत स्थान दिले आहे. लाखो रुग्णांसाठी खरेदी करणाऱ्या महाराष्ट्राच्या शब्दाला बाजारात नक्कीच वजन आहे.

आणि घरी? डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय प्रतिजैविक घेऊ नका. लिहिलेले उरले तर बेसिनमध्ये ओतू नका. केरळने २०२५ मध्ये उरलेली औषधे घरोघरी जाऊन गोळा करण्याची योजना कोझिकोडमधून सुरू केली. आपल्या महापालिकेलाही ते जमण्यासारखे आहे.

माझी मागणी एका वाक्याची आहे. कारखान्याच्या फाटकाबाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे किती प्रतिजैविक आहे, तो आकडा मोजला जावा आणि सर्वांना पाहता यावा. उघड झालेला आकडा न्यायालयात नेता येतो, निविदेत घालता येतो, गावच्या ग्रामसभेत वाचता येतो. तो मिळेपर्यंत आपण तो मागत राहू या.